पंचमावरचे चार स्वर

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी पेटी असेल त्यांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. पियानो असेल तर फारच उत्तम. ‘पांढरी एक’ हा षड्ज धरावा, आणि पंचम, शुद्ध निषाद, वरच्या सप्तकातील ऋषभ व शुद्ध मध्यम या चार पट्ट्या एकदम दाबून हात तसाच धरून ठेवावा. जो नाद उमटतो तो कर्कश म्हणता येणार नाही. पण त्यात स्वस्थताही नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक पाय उचललेलाच राहावा, तशी काहीशी अवस्था कानाची होते. आता निषाद वरच्या षड्जावर न्यावा, मध्यम गांधारावर उतरवावा, ऋषभ षड्जात मिळवावा आणि पंचम जागीच राहू द्यावा. उचललेला पाय जमिनीला टेकला, असे वाटल्यावाचून राहत नाही.

पाश्चात्त्य संगीतात या चार स्वरांच्या संघाला ‘डॉमिनंट सेव्हन्थ’ असे नाव आहे. डॉमिनंट म्हणजे पंचम. आणि पंचमापासून मोजू लागले की प, ध, नी, सा, रे, ग, म असा सातवा येणारा स्वर, म्हणजे मध्यम, तो ‘सेव्हन्थ’. सुमारे तीनशे वर्षे युरोपातील संगीताचा बहुतेक व्यवहार या एका स्वरसंघाच्या आधाराने चालला. पियानो शिकणाऱ्या मुलाला आज तो पहिल्या वर्षातच शिकवतात. आणि तरीही ज्या काळी त्याचा बेधडक उपयोग होऊ लागला, त्या काळी तो एक प्रमाद समजला गेला होता आणि त्याविरुद्ध ग्रंथ छापले गेले होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

प्रथम या संघाची घडण पाहू. त्यातील सारी अस्वस्थता मध्यम आणि निषाद या दोन स्वरांत साठवलेली आहे. या दोहोंमध्ये सहा अर्धस्वरांचे अंतर आहे, म्हणजे बारा अर्धस्वरांच्या सप्तकाचा बरोबर मध्य. हे अंतर गायला अवघड आणि ऐकायला विचित्र, म्हणून अठराव्या शतकाच्या आरंभीच्या संगीतग्रंथांत त्याला चक्क ‘संगीतातील सैतान’ म्हटलेले आढळते. निषादाच्या लगेच वर षड्ज आहे, मध्यमाच्या लगेच खाली गांधार आहे. दोघांनाही अर्धस्वराचे एकच पाऊल टाकले की घर गाठता येते, आणि दोघांची पावले विरुद्ध दिशांना पडतात. ओढ उत्पन्न होते ती यामुळे.

परंतु मला याहून अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरीच एक गोष्ट. या चार स्वरांत षड्ज नाही. प, नी आणि रे हे तीनच स्वर वाजवले तर ते तीन निरनिराळ्या षड्जांच्या बिलावल मेळांत बसू शकतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला घर कोणते याचा नक्की अंदाज येत नाही. त्यांत मध्यम मिळवताच संदिग्धता संपते. हे चारही स्वर ज्यात सापडतील असा बिलावल मेळ बारांपैकी एकच उरतो. म्हणजे हा संघ षड्जाचा उच्चार न करता षड्जाकडे बोट दाखवतो. आपल्याकडे तंबोरा सुरू झाला की षड्ज सिद्धच असतो, गाणारा कितीही दूर गेला तरी घराचा दिवा खाली तेवतच असतो. युरोपातील संगीताने तंबोऱ्याची सोय ठेवली नाही. तिथे षड्ज सतत वाजत नाही, तो सुचवावा लागतो. आणि तो सुचवण्याचे सर्वांत समर्थ साधन म्हणजे पंचमावरचे हे चार स्वर.

सोळाव्या शतकात हे साधन अजून कोणाच्या हाती आले नव्हते. त्या वेळचे श्रेष्ठ संगीत म्हणजे चार-पाच गायकांनी आपापली स्वतंत्र सुरावट एकाच वेळी गाण्याचे संगीत. त्याचे व्याकरण व्हेनिसच्या जोसेफो झार्लिनो याने १५५८ साली आपल्या मोठ्या ग्रंथात बांधून दिले. विसंवादी स्वर त्यात वर्ज्य नव्हता. पण त्याला शिष्टाचार पाळावा लागे. तो स्वर आधी संवादी म्हणून ऐकू यावा, मग तो जागीच धरून ठेवलेला असताना इतर गायक पुढे सरकावेत आणि त्यामुळे तो विसंवादी ठरावा, आणि शेवटी त्याने एक पायरी खाली उतरून पुन्हा संवादात यावे, असा तो क्रम. आगंतुकाने एकदम दिवाणखान्यात न घुसता आधी दारात उभे राहून ओळख द्यावी, तसलाच हा संकेत होता.

१६०० साली व्हेनिसमध्ये एक पुस्तक छापले गेले. लेखक जोव्हान्नी मारिया आर्तुसी हा बोलोन्याचा धर्मसंघीय पंडित, झार्लिनोचा शिष्य. ‘आधुनिक संगीतातील अपूर्णता’ हा पुस्तकाचा विषय. दोन गृहस्थांच्या संवादाच्या रूपाने ते लिहिलेले आहे. त्यांपैकी एकाने फेरारा येथे एका घरी काही नवी गीते ऐकलेली असतात, आणि त्यांतील स्वरांचे उतारे देऊन दोघे त्यांची चिकित्सा करतात. रचनाकाराचे नाव पुस्तकात नाही. पण जाणत्यांना ते ओळखायला अडचण पडली नसावी. तो होता मांतुआच्या ड्यूकच्या पदरी असलेला तेहतीस वर्षांचा क्लाउदिओ माँतेव्हेर्दी.

आर्तुसीने ज्या जागांवर बोट ठेवले त्यांतली सर्वांत गाजलेली जागा ‘क्रूदा अमारिल्ली’ या पाच आवाजांच्या गीतातील आहे. शब्द दुःखोद्गाराचे आहेत. खालचा आवाज एका स्वरावर स्थिर असताना सर्वांत वरचा आवाज विश्रांतीनंतर प्रवेश करतो तो त्या स्वराच्या नवव्यावर, आणि तेथून उडी घेतो ती थेट सातव्यावर. दोन्ही विसंवादी आणि दोघांपैकी एकानेही दारात ओळख दिलेली नाही. आजच्या व्याकरणाने पाहता हा पुरता डॉमिनंट सेव्हन्थ म्हणता येणार नाही, कारण त्या गीताचा षड्जच जुन्या पद्धतीचा आहे. परंतु पंचमाच्या डोक्यावर मध्यमाने पूर्वतयारीवाचून येऊन बसण्याचा जो परवाना पुढे सार्वत्रिक झाला, तो मागण्याचे धाडस इथे दिसते.

आर्तुसी मूर्ख नव्हता, हे सांगायला हवे. संगीताच्या इतिहासात त्याचे चित्र बहुधा एका कुरकुऱ्या म्हाताऱ्याचे काढले जाते, ते अन्यायाचे आहे. त्याचा मुद्दा असा की हे नवे लोक बुद्धीला विचारत नाहीत, केवळ इंद्रियाला विचारतात. रात्रंदिवस वाद्यापाशी बसून एखादा प्रमाद कानाला कसा लागतो ते चाचपून पाहतात आणि लागला बरा की लिहून टाकतात. निरीक्षण अचूक आहे! नव्या संगीताचा जन्म खरोखरच असा, वाद्याच्या पट्ट्यांवर बोटे चाचपडत, होत होता. फक्त त्यात दोष कोणता, हे आर्तुसीला जितके स्वच्छ दिसत होते तितके पुढच्या पिढीला दिसले नाही.

माँतेव्हेर्दीने १६०५ साली आपल्या पाचव्या गीतसंग्रहात हेच गीत अगदी पहिले छापले. हा जबाब बोलका आहे. संग्रहाला जोडलेल्या छोट्या निवेदनात तो म्हणतो की आपण जे करतो ते यदृच्छेने करत नाही, झार्लिनोने शिकवली त्याहून वेगळी अशी एक ‘दुसरी पद्धती’ आहे आणि तिचे विवेचन आपण ग्रंथरूपाने करू. ड्यूकच्या चाकरीत फुरसत मिळत नाही, ही तक्रारही तो करतो. तो ग्रंथ पुढे कधीच प्रसिद्ध झाला नाही. १६०७ साली त्याच्या भावाने त्या निवेदनावर भाष्य लिहिले आणि त्यात मुख्य सूत्र सांगितले: शब्द ही स्वामिनी आणि स्वरसंवाद ही तिची दासी. दुःखाचा शब्द आला तर स्वराने नियम मोडून दुःख दाखवावे. आर्तुसीने १६०८ साली टोपणनावाने पुन्हा उत्तर दिले, पण तोवर वाद निकालात निघाला होता. कारण तरुण गायक-वादक पुस्तके वाचत बसले नव्हते, ती गीते गात होते.

सरकारी कचेरीत आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा क्रम अपरिचित नाही. जी गोष्ट एका टिपणात ‘अनियमित’ म्हणून नोंदली जाते तीच काही वर्षांनी ‘पूर्वापार प्रघात’ म्हणून पुढे केली जाते, आणि मधल्या काळात नियमपुस्तिकेतले एक अक्षरही बदललेले नसते. असो.

प्रघाताला नियमाचे रूप द्यायला आणखी शंभर-सव्वाशे वर्षे लागली. ते काम केले फ्रान्समध्ये जाँ-फिलिप रामो या वादकाने. क्लेरमाँ गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा हा गृहस्थ १७२२ साली ‘स्वरसंवादाचा ग्रंथ’ पॅरिसमध्ये छापून मोकळा झाला, आणि त्यानंतर अकरा वर्षांनी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याचे पहिले मोठे संगीतनाटक रंगभूमीवर आले. शास्त्र आधी आणि कीर्ती नंतर, असा हा दुर्मिळ प्रकार. त्याच्या आधीच्या वादकांपुढे केवळ खालच्या आवाजाची सुरावट लिहिलेली असे आणि तीवर आकडे घातलेले असत. त्या आकड्यांवरून कोणते स्वर दाबायचे ते हाताला सवयीने कळे. प-नी-रे-म यासाठी एक आकडा, नी-रे-म-प यासाठी दुसरे, रे-म-प-नी यासाठी तिसरे आणि म-प-नी-रे यासाठी चौथा. चार निरनिराळ्या वस्तू म्हणून त्या पाठ केल्या जात. रामोने सांगितले की या चार वस्तू नाहीतच, वस्तू एक आहे. खाली कोणताही स्वर असो, संघाचे मूळ पंचमातच आहे. विसंवादाचे उगमस्थान म्हणून त्याने हाच सप्तमयुक्त संघ मानला आणि षड्जाकडे नेणाऱ्या पंचमाला स्वतंत्र नाव दिले. ज्याच्यासाठी आर्तुसीने एवढी शाई खर्च केली, तो आगंतुक आता घरातला कारभारी झाला.

ज्यांना हे पियानोवर वाजवून पाहायचे असेल त्यांच्यासाठी रामोचा हा शोध आजही उपयोगाचा आहे. उजव्या हाताचा अंगठा पंचमावर, तर्जनी निषादावर, मधले बोट ऋषभावर आणि करंगळी मध्यमावर ठेवावी. मग अंगठ्याखालचा पंचम वर नेऊन नी-रे-म-प, असे करत चारही रूपे हाताखालून काढावीत. प्रत्येक रूपानंतर षड्ज-गांधार-पंचमावर यावे. निषाद वर आणि मध्यम खाली, ही चाल चारही रूपांत कायम राहते, हे लगेच ध्यानात येईल. बोटे अपुरी पडली तर ऋषभ सोडून द्यावा, संघाचे फारसे बिघडत नाही. निषाद किंवा मध्यम सोडला तर मात्र त्याचे प्राणच गेले. आणि निषाद दोन ठिकाणी वाजवू नये. एकाच अधीरतेचा दोनदा उच्चार केला की ती आरडाओरड होते.

पियानो हे वाद्य या संघाच्या भाग्योदयाच्या वेळीच घडत होते. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या वाद्यशाळेचा रक्षक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने बनवलेल्या, मंद आणि जोरकस असे दोन्ही स्वर काढणाऱ्या वाद्याची नोंद १७०० सालच्या यादीत आहे. त्याने बनवलेला १७२० सालचा पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आजही पाहायला मिळतो. त्यापूर्वीच्या हार्प्सिकॉर्डवर बोट हळू दाबले काय की जोराने, स्वर जवळपास तेवढाच उमटे. पियानोवर पंचमावरचा संघ जोरात आणि त्यानंतरचा षड्ज हळुवार, असे बोलता येऊ लागले. ओढ आणि विश्रांती यांच्यात आवाजाच्या चढउताराची भर पडली.

एकदा कारभारी विश्वासाचा झाला की त्याला गमतीदार कामेही सांगता येतात. २ एप्रिल १८०० रोजी व्हिएन्नात बेटोफनची पहिली सिंफनी प्रथम वाजली. तिचा षड्ज पांढरी एक. पण तिच्या अगदी पहिल्या क्षणी ऐकू येतात ते सा, ग, प आणि कोमल नी; म्हणजे मध्यमाकडे नेणारा डॉमिनंट सेव्हन्थ! त्याच्या मागोमाग षड्जाकडे नेणारा संघ येतो आणि षड्जाऐवजी धैवताच्या घरी उतरतो, मग तिसरा पंचमाकडे नेतो. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तीन दारे उघडून दाखवावीत आणि आपले घर मात्र शेवटी सांगावे, असा हा आरंभ आहे. श्रोत्यांना हा संघ जर मातृभाषेसारखा कळत नसता, तर ही थट्टा वायाच गेली असती.

शेवटाच्या बाबतीत तर याहून नवल घडले. १८४० साली शुमानने हाइनेच्या कवितांवर एक गीतमाला रचली. तिचे पहिले गीत मे महिन्यातील प्रेमाच्या पालवीचे. गाणारा थांबतो, पियानो एकटा पुढे चालतो, आणि पियानोही डॉमिनंट सेव्हन्थवर येऊन थांबतो. षड्ज येतच नाही. प्रेम व्यक्त झाले, उत्तर मिळाले नाही, एवढे सारे त्या एका न सुटलेल्या संघात आले. त्याच्या आधी वर्षभर छापलेल्या शोपँच्या चोवीस प्रेल्यूडांपैकी तेविसाव्यात उलटा चमत्कार आहे: अखेरच्या षड्जाच्या झुळझुळीत, जिथे सगळे सुटायला हवे तिथेच, एक कोमल निषाद अलगद येऊन बसतो आणि तसाच राहतो. त्यामुळे षड्जाचा संघच डॉमिनंट सेव्हन्थसारखा दिसू लागतो. पण तो कुठे जाऊ मागत नाही. कोमल निषाद तिथे केवळ रंग म्हणून आहे.

शोपँने जे एका मात्राखंडात केले ते अमेरिकेतील निग्रो समाजाच्या — आजच्या योग्य शब्दात कृष्णवर्णीय समाजाच्या — गायक-वादकांनी एका संपूर्ण संगीताचा पाया म्हणून स्वीकारले. ब्लूज नावाचा हा प्रकार डब्ल्यू. सी. हँडी याने १९१२ आणि १९१४ साली छापलेल्या गीतांमुळे सर्वत्र पसरला. त्याच्या बारा मात्राखंडांच्या प्रचलित घाटात षड्ज, मध्यम आणि पंचम या तिन्ही स्थानांवर सप्तमयुक्त संघ वाजतात आणि गीत संपते तेही बहुधा अशाच संघावर. रामोच्या शास्त्राप्रमाणे पाहिले तर हे म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘आणि’ लिहिण्यासारखे आहे. ऐकणाऱ्याला मात्र वाक्य पुरे झाल्यासारखे वाटते. गाणारे या कोमल निषादाला किंवा गांधाराला गळ्याने वाकवतात, तो पेटीच्या पट्टीत सापडत नाही. नैसर्गिक नादमालेतील सातवा उपस्वर पियानोच्या कोमल निषादाहून अर्धस्वराच्या सुमारे एकतीस शतांशांनी खाली येतो, हे गणित यासंदर्भात मनोरंजक आहे. पियानोची तार वाकवता येत नाही, म्हणून या समाजातील पियानोवादकांनी कोमल आणि शुद्ध गांधार लगोलग, प्रसंगी एकदमच, दाबण्याची युक्ती काढली. १९२८ साली पाइनटॉप स्मिथने शिकागोत ध्वनिमुद्रित केलेले बूगी-वूगी ज्यांनी ऐकले असेल त्यांना डाव्या हाताची ती न थकणारी चाल आठवत असेल.

पट्टीत न सापडणाऱ्या स्वरांचा प्रश्न आपल्याकडेही उपस्थित झालाच होता. आकाशवाणीने १९४० साली पेटी संगतीतून दूर केली ती याच कारणावरून, की तिच्या ठरावीक बारा स्वरांत श्रुती आणि मींड बसत नाहीत. ती बंदी अंशतः उठायला १९७१ साल उजाडावे लागले. आर्तुसीचे सूक्ष्म कान आणि त्याची दमछाक, दोन्ही त्या प्रकरणात पुन्हा दिसतात. पण तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

आपल्या कानावर हा चार स्वरांचा संघ पोचला तो मुख्यतः गोव्याच्या वादकांमुळे. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शाळांतून शिकलेले वादक मुंबईला आले, हॉटेलांतून जॅझ वाजवू लागले आणि बोलपटांच्या वाद्यवृंदात शिरले. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे संगीतप्रेमींच्या परिचयाची आहेत. गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली मुंबईत रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहून सादर केल्या. संगीत दिग्दर्शकाने एकसुरी चाल बांधायची आणि यांनी तिच्याखाली संघ मांडायचे, अशी वाटणी बहुधा असे. अंतऱ्याकडून ध्रुवपदाकडे परतताना पंचमावरचा संघ घातला की ऐकणाऱ्याला, कारण न कळताही, ‘आले घर’ असे वाटते.

पण हे काम वरवर दिसते तितके सोपे नाही. चाल भूप रागाची असेल तर त्यात मध्यमही नाही आणि निषादही नाही. म्हणजे या संघाचे जे दोन प्राण, नेमके तेच रागाने वर्ज्य केलेले. संघ घालावा तर परके स्वर रागात शिरतात, न घालावा तर परतीची खूण नाहीशी होते. यमनाची अडचण निराळी: तिथे मध्यम तीव्र, आणि तीव्र मध्यम षड्जाबरोबर मिळून पंचमाकडे ओढ घेतो, म्हणून यमनाच्या स्वरांतून जो सप्तमयुक्त संघ आपोआप तयार होतो तो पंचमालाच घर ठरवू पाहतो. सर्वांत मौजेचा खमाज. त्यात षड्ज, गांधार, पंचम आणि उतरताना कोमल निषाद. पाश्चात्त्य पद्धतीत वाढलेल्या कानाला हा बेटोफनच्या सिंफनीचा पहिलाच क्षण वाटेल आणि आता मध्यमावर जाणार म्हणून तो वाट पाहत बसेल. आपल्या ठुमरी गाणाऱ्याला त्या कोमल निषादावर कितीही वेळ रेंगाळता येते. खाली तंबोरा षड्ज लावून बसलेला असतो.